जित्यांचे फोटो कपाटात

माझ्या सवतीशी माझी कधी गाठ पडली नाही. मी लग्न होऊन मंठ्याच्या या घरात आले, तेव्हा तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. पण तिचा चेहरा मला माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे, कारण दर शुक्रवारी तिची काच मी पुसते. आधी मागचं कुंकू ओल्या फडक्यानं काढायचं, मग कोरड्या फडक्यानं काच लख्ख करायची, मग बरोबर तिच्या कपाळावर येईल असं नवं कुंकू लावायचं. सवाष्ण गेलेली बाई, तिचं कपाळ मोकळं ठेवून चालत नाही. एखाद्या शुक्रवारी हात हलून कुंकू भुवईवर गेलं, की सासूबाई मागून म्हणायच्या, न पाहिलेल्या बाईवर एवढा राग कशाला. राग होताच. तो त्यांना काचेवर दिसायचा.

फोटो समोरच्या खोलीत आहे, सोफ्याच्या वर, रुंद सोनेरी फ्रेममध्ये, सासऱ्यांच्या फोटोच्या ओळीत. तिच्या लग्नातला फोटो. लग्नाच्या फोटोत नवराही असतोच, पण जिवंत माणसाला हार घालता येत नाही, म्हणून स्टुडिओवाल्यानं त्याला कापून काढला आणि मागं निळं आभाळ टाकलं. घाईचं काम. नवरा गेला, पण त्याच्या कोटाची बाही राहिली. तिच्या खांद्याला लागून, आभाळातून आलेली तपकिरी बाही. पाहुण्यांना ती दिसत नाही. मला पहिल्याच दिवशी दिसली. त्या बाहीतला माणूस माझा नवरा.

मला बिजवराला दिली, त्याचं कारण साधं होतं. अंबडकडे आमच्या गावात माझं एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं. ठरून मोडलेली पोर म्हणजे बाजारातून परत आणलेली म्हैस. दात सगळे बघतात, दावं कोणी धरत नाही. वडिलांना कळलं की मंठ्याला एक जण आहे, खतं-बियाण्यांचं दुकान आहे, कोरडवाहू का होईना शेत आहे, बायको तापानं गेली, मागं लेकरू नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. पोराकडं बघायची त्यांना गरज वाटली नाही. मला विचारायची तर नाहीच.

इथं आल्यावर मला माझी जागा नीट समजावून देण्यात आली. दिवाळीला आणलेली साडी आधी सवतीसमोर ठेवायची. तिला हळदीकुंकू वाहायचं, ती साडी तिनं नेसली असं समजायचं आणि मग मी नेसायची. म्हणजे माझ्या अंगावर आलेली एकही साडी कोरी नाही. सगळ्या मेलेल्या बाईच्या अंगावरून उतरलेल्या. सणाच्या ताटातला पहिला घास तिचा. तिच्या हाताची चव, तिचं वागणं, तिचं हळू बोलणं, हे मला रोज ऐकायला मिळायचं. शेजारच्या म्हातारीनं एकदा माझ्या कानात सांगितलं की जिवंत होती तेव्हा याच सासूनं तिच्या भाकरी ओट्यावरून फेकून दिल्या होत्या. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

तिचा फोटो काढून टाकावा असं मला कधी वाटलं नाही. मला फक्त तिच्या उजव्या हाताची जागा हवी होती. तिथं एक मोकळा खिळा होता, त्याच्यावर पूर्वी घड्याळ असायचं. त्या खिळ्यावर आमच्या लग्नाचा एक फोटो लागावा, एवढंच माझं मागणं. दारातून आत येणाऱ्या माणसाला कळावं की या घरात एक बाई आहे आणि ती या घरच्या माणसाची बायको आहे. एकदा बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस घरी आला. त्यानं भिंतीकडं बघून वहिनींच्या जाण्याचं दुःख केलं आणि मग माझ्याकडं वळून, ताई जरा पाणी आणता का, असं विचारलं. माझे मालक खाली मान घालून बसून राहिले. मी पाणी आणलं. ग्लास त्याच्या हातात न देता फरशीवर ठेवला.

पुढं सासूबाईंना स्वतःच्या फोटोचं वेड लागलं. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांचा फोटो आधीच करून ठेवायची रीत आहे. माणूस गेल्यावर धावपळ नको, आणि आधारकार्डावरचा पडका चेहरा मोठा करून लावायची वेळ नको. त्यासाठी त्या मला घेऊन जालन्याला गेल्या. स्टुडिओत पदर तीनदा सारखा केला, सुरकुत्या कमी करायला लावल्या, आणि मग फ्रेमच्या दुकानात बसून पट्ट्यांचे तुकडे एकेक करून गालाशी धरून आरशात बघितले. स्वतःच्या मरणाचं सामान एवढ्या हौसेनं घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. नवऱ्याच्या फ्रेमपेक्षा रुंद पट्टी त्यांनी निवडली. सासरे असते तर त्यांना यात काही नवीन वाटलं नसतं.

त्याच दुकानात मी पिशवीतून आमच्या लग्नाचा फोटो काढला आणि सवतीच्या फ्रेमसारखीच सोनेरी पट्टी त्याला लावून मागितली. फ्रेम तयार झाल्यावर सासूबाईंनी ती हातात घेतली, लांब धरून बघितली आणि दुकानदारासमोरच म्हणाल्या, "चांगली झाली. लावू की. तू मेलीस की त्याच दिवशी लावू."

दुकानदार फ्रेम कागदात गुंडाळायला लागला. येताना बसमध्ये त्यांनी मला नियम सांगितला. आमच्या घरात समोरची भिंत गेलेल्यांची, जित्यांचे फोटो कपाटात. असा नियम मंठ्यात दुसऱ्या कुठल्याही घरात नाही, हे मला माहीत होतं. घरी आल्यावर मी मालकांकडं बघितलं, तर ते म्हणाले, माय म्हणते तसं करू, म्हातारं माणूस आहे, कशाला दुखवायचं. माझी फ्रेम लोखंडी कपाटात गेली, सासूबाईंच्या तयार फोटोच्या खाली. कपाट उघडलं की त्या माझ्या उरावर बसलेल्या दिसायच्या.

मी त्यांचा मनापासून द्वेष केला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या माणसाला दुसरी करमणूक नसते. त्या आजारी पडून खाटेला लागल्या, तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं. अंग पुसलं, पेज भरवली, आणि प्रत्येक घासाला मनात एक शिवी दिली. एकदा चमचा तोंडाशी नेला, तर त्यांनी माझा हात धरला.

"शिव्या देतीस मला मनातल्या मनात," त्या म्हणाल्या. "दे. पण समद्या माझ्या वाट्याच्या न्हाईत, बाई."

मरताना माणसाला चांगलं म्हणवून घ्यायची हौस येते, असं मला वाटलं. मी पुढचा चमचा भरला.

त्या गेल्या. फोटो तयार होताच, काही धावपळ झाली नाही. सासऱ्यांच्या शेजारी रुंद फ्रेम लागली आणि सासरे भिंतीवरसुद्धा आणखी बारीक दिसायला लागले. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. मी कपाटातून माझी फ्रेम काढली, पुसली आणि मालकांसमोर धरली. त्यांनीच ती खिळ्याला अडकवावी, अशी माझी इच्छा होती. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्यांनी फ्रेमकडं बघितलंच नाही. राहू दे, बरं दिसत नाही तिथं, असं म्हणाले. मी म्हणाले, आता आत्याबाई नाहीत, आता नियम कुणाचा?

"मायचा न्हवताच तो," ते म्हणाले. "मीच म्हणलो होतो तिला, तू सांग म्हणून. तिच्या बाजूला दुसरं कुणी बघवत न्हाई मला."

दिवसाउजेडी, चांगल्या शांत आवाजात म्हणाले. मग चप्पल घालून दुकानात गेले.

मी फ्रेम मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. मला त्या म्हातारीची कीव आली. पोराला माझ्यासमोर एक वाक्य बोलायचा धीर नव्हता, म्हणून तिनं आयुष्यभर माझ्या शिव्या आपल्या अंगावर घेतल्या. आणि या माणसाची मला किळस आली. तो माझ्या ताटात जेवला, माझ्या अंथरुणात निजला आणि भिंतीवर मात्र त्याला मी सोसवत नव्हते. मी रडले नाही. रडायला समोर कोणीतरी आपलं लागतं.

दोन दिवसांनी मी तो फोटो घेऊन जालन्याला गेले. स्टुडिओवाल्याला म्हटलं, यातला नवरा एकटा मोठा करून द्या, मागं निळं आभाळ टाका. त्यानं चेहरा पाडला आणि ते कधी गेले असं विचारलं. मी खुर्ची त्याच्या कॉम्प्युटरजवळ ओढली. काम माझ्यासमोर करून घेतलं. फोटोत माझा हिरव्या चुड्याचा हात त्यांच्या हाताला लागून होता. त्याला बजावलं, माझं बोटसुद्धा राहता कामा नये. त्यानं नीट काढलं. फ्रेम तीच वापरली. निघताना त्यानं चंदनाचा हार हवा का म्हणून विचारलं, तर तोही घेतला.

शुक्रवारी सवतीची काच पुसली, कुंकू लावलं आणि तिच्या उजव्या हाताला, मोकळ्या खिळ्यावर, मालकांना टांगलं. हार घातला नाही. हार कपाटात आहे, माझा फोटो होता त्या जागी. जित्याचं सामान कपाटात.

संध्याकाळी ते दुकानातून आले आणि दारातच थांबले. हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, "तिच्या बाजूला तुम्हीच बरे दिसता." त्यांनी हात वर केला, तो फ्रेमपर्यंत गेला आणि परत आला. काढायचा म्हणजे तिच्यापासून काढायचा, आणि ते त्यांच्यानं होईना. तेव्हापासून ते समोरच्या खोलीत बसत नाहीत. चहा आत मागतात. मी देते, साखर बरोबर टाकून.

संक्रांतीला शेजारी राहायला आलेल्या मास्तरांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावलं. धावडा गावाकडची, नवीन लग्न झालेली, घरातलं सामानही अजून लागलेलं नव्हतं. सोफ्यावर बसायच्या आधी तिनं रीतीप्रमाणे भिंतीला हात जोडले. सासरे, सासू, सवत, मालक. मालक आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पानं उलटल्याचा आवाज मला येत होता.

"हे शेवटचे कोण, काकू?" तिनं विचारलं.

"मालक."

तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं, मग बांगड्यांकडं. मग हळूच विचारलं, "कवा गेले?"

मी सवतीकडं बोट केलं. "ही गेली ना, तिच्यासंगंच."

आतला आवाज थांबला. ते बाहेर येतील आणि दारात उभे राहतील, असं मला वाटलं. मी वाट बघितली, खोटं कशाला सांगू. त्यांनी एक पाऊल टाकलं असतं तरी पुष्कळ होतं. कोणी आलं नाही.

मी तिला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. मग करंडा तिच्यापुढं सरकवला आणि रीतीप्रमाणे कपाळ पुढं केलं. तिनं बोटावर कुंकू घेतलं. तिचा हात थोडा वर आला आणि तिथंच राहिला, आणि मग तिनं ते बोट पदराला पुसलं.