वरच्या खोलीतली टकटक

बॉयलर बसवून गेलेली पोरं जाताना म्हणाली होती, "आता हिवाळाभर शाल लागायची नाही, मावशी."

शाल लागली नाही, हे खरं. पण घर तापलं तसं बोलायलाही लागलं. स्वयंपाकघरातल्या कपाटात नवा बॉयलर किटलीसारखा घुमायचा. नळांमधून पाणी रिकाम्या पोटासारखं गुरगुरायचं. आणि दुपार कलून क्लाइड नदीच्या पाण्यावर अंधार उतरू लागला, की वरच्या मागच्या खोलीतून आवाज यायचा. टक. मग जरा थांबून टक टक.

पहिल्यांदा तो आला तेव्हा आयना गॅलब्रेथ बटाटे सोलत होती. सुरी ठेवून, हात पुसून ती निम्मा जिना चढलीसुद्धा. मग भानावर आली आणि कठडा धरून तिथेच उभी राहिली. वर कोणी नव्हतं. त्या खोलीत राहणारी तिची सासू, एफी, जाऊन वीस वर्षं झाली होती. नवरा आर्चीही आता नव्हता.

आयना इथलीच, ग्रीनॉक गावची. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. अंगाने दणकट, तोंडाने फटकळ. एफीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिची मुलगी रोना पाण्यापलीकडे डनूनला संसारात अडकलेली, म्हणून म्हातारी सुनेकडे आली. तिचा आवाज इतका क्षीण झाला होता की जिन्यापर्यंतही पोचत नसे. काही हवं असलं की ती काठीने उशाजवळच्या, गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर ठोकायची. आयना शाळेतून दमून आलेली असली तरी वर धावायची.

कधी म्हातारीला पाणी हवं असायचं, कधी कूस बदलून हवी असायची. पण पुष्कळदा आयना धापा टाकत दारात उभी राहिली की म्हातारी म्हणायची, "मी नाही ठोकलं."

"मग कोणी ठोकलं, आई? भिंतीने?"

"मला काय ठाऊक? तूच शोध."

आयनाला वाटायचं, सुनेला जिना चढवण्यात हिला मजा येते. आर्चीला विचारून उपयोग नव्हता. जहाजांच्या गोदीतल्या घणांनी त्याचे कान केव्हाच निकामी केले होते. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी असंच वर जाऊन यावं लागलं आणि खाली सूप करपलं. आयना पुन्हा वर गेली, सासूच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाली, "आता वाजवा."

म्हातारीने तिच्याकडे नुसतं बघितलं. "मी खोटं बोलत नाही, आयना," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात ऊन पडू लागलं आणि आर्चीने उन्हाळ्यापुरता बॉयलर बंद केला. टकटक थांबली. आयना शेजारणीला सांगत सुटली, "बघितलंस? काठी गेली, खोड गेली." जूनमध्ये ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना म्हातारी गेली. तिने बोलावलं होतं की नाही, कोण सांगणार? आणि बोलवायचं तरी कशाने? अंत्यविधीनंतर आयनाने त्या खोलीतला रेडिएटर चावी आवळून बंद केला आणि दार ओढून घेतलं.

आता टकटक रोजची झाली. आयनाने टीव्हीचा आवाज वाढवून पाहिला. शेजारची सेंगा म्हणाली, "काही सासवा मेल्यावरही रिटायर होत नाहीत गं." आयना हसली. पण एका दुपारी आवाज आला आणि तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आले, आई." स्वतःचाच आवाज ऐकून ती इतकी दचकली, की तिने लगेच बॉयलरच्या कंपनीला फोन लावला.

लॉकलन नावाचा माणूस आला. त्याने रेडिएटरांतली अडकलेली हवा सोडली, गुरगुर थांबली. पंपाचा जोर कमी केला, घुमणं थांबलं. "अजून काही, मावशी?"

"वर कोणीतरी ठोकतं," आयना म्हणाली. काहीतरी वाजतं, असं तिला म्हणायचं होतं.

तो हसला नाही. बॉयलर चालू ठेवून तो वरच्या खोलीत जमिनीला कान लावून पडून राहिला. टक झालं तसं त्याने गालिचा गुंडाळला आणि पलंगाच्या जागेजवळची फळी उचलली.

"हा बघा चोर. नळ तापला की लांबतो. ह्या वाशाच्या खाचेत त्याला जागाच नाही, म्हणून लाकडाला घासत हिसके देतो."

"म्हणजे नव्या बॉयलरने हे झालं."

"नाही, हे जुनं आहे. लाकूड किती गुळगुळीत झिजलंय बघा, त्याला वर्षं लागतात. इथला रेडिएटर बंद होता ना? आमच्या पोरांनी सगळे उघडले, त्यात हाही उघडला. पूर्वीसुद्धा वाजत असणार हे. आठवत नाही तुम्हाला?"

आयना खिडकीच्या कट्ट्यावर बसली. "आठवतं," ती म्हणाली.

त्याने खाच रुंद केली, नळाखाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा सरकवला आणि फळी पुन्हा ठोकली. खोली तापत गेली, पण आवाज आला नाही. चहा पिऊन तो गेला.

आयनाने नणंदेला फोन केला. इतकी वर्षं दोघींमध्ये फक्त नाताळची कार्डं चालली होती. नळाचं, काठीचं, सगळं तिने एका दमात सांगितलं आणि ती शिव्यांची वाट बघत राहिली.

रोना म्हणाली, "आई मलाही सांगायची, खोलीत काहीतरी ठोकतं म्हणून. मला वाटलं, झटक्याने डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरांना सांगून मी तिच्या गोळ्या वाढवून घेतल्या. मग ती सांगायची थांबली."



"रविवारी बोटीने येते," रोना म्हणाली.

"ये."

मधले दिवस घर गप्प होतं. म्हातारी होती तेव्हा टकटक ऐकली की आयना बेधडक वर जात असे. आता जिन्याच्या पायथ्याशी येऊन ती परत फिरायची. वर दार उघडंच राहिलं होतं आणि खोली छान ऊबदार होती, तेच तिला सोसवत नव्हतं. रविवारी रोना आली, तिने कोट काढला, आणि चहाचंही न बघता दोघी बरोबरच वर गेल्या.