भट्टी थांबवणारा मित्र

जगातली कुठलीही वस्तू नुसत्या सांगण्यावरून ‘आहे’ असं न मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो सातपूरच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. म्हणजे खुर्ची आहे याची हाताने चाचपून खात्री झाली की बसायचा. गडी मूळचा कळवणचा. चहा ओतण्याआधी खाली कप आहे का, ते वाकून बघणार. शनिवारी घरी निघाला की एसटीची पाटी वाचूनही कंडक्टरला विचारणार, “कळवणलाच जाती ना?” आणि मग पुढे जाऊन ड्रायव्हरलाही. स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत सगळं जमत आलेलं असताना हा मध्येच म्हणाला, “मुलीला इचारलं का कोणी?” कोणीच विचारलं नव्हतं. “मग आधी तिला इचारा.” ती हो म्हणाली, हे नशीब तिचं की त्याचं, यावर आमच्या ऑफिसात दोन तट होते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि गिअर कडक करायच्या भट्टीचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम आम्ही दोघं सी भाषेत लिहू लागलो. सीमध्ये पॉइंटर म्हणजे माहिती कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता. कधी तो पत्ता कोराच येतो, त्याला नल म्हणतात; आणि तेव्हाची आमची मशीनं कोऱ्या पत्त्यावरूनही बिनदिक्कत काहीतरी उचलून आणत. म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्याच्या, तोंडाशी असर्ट लिहायचा: पत्ता कोरा असेल तर इथेच थांब, आणि कुठल्या ओळीवर थांबलास ते सांग. नेमके मुंबईचे गिऱ्हाईक बघायला आले त्या दिवशी कुणीतरी नव्या मालाचा तापमानाचा तक्ता भरायला विसरलं आणि पत्ता कोरा आला. प्रोग्राम थांबला. साहेबांचा चेहरा उतरला, हा मात्र मुलाचा पहिला नंबर आल्यासारखा पाहुण्यांना म्हणाला, “बघा, ओळसुद्धा सांगतो!”

पाहुणे गेल्यावर साहेब कडाडले, “प्रोग्रामच्या माथ्यावर एक ओळ टाकली की तुझे सगळे असर्ट झोपतात ना? ती टाक, नाहीतर राजीनामा टाक.”

“नाय टाकणार. थांबला म्हणून लाज वाटती तुम्हाला? वाट्टेल ते तापमान लावून चालला असता, म्हंजे इज्जत राहिली असती?”

पेनात शाई आहे का बघून त्याने तिथेच राजीनामा लिहिला.

त्याचं काम माझ्याकडे आलं आणि ती ओळ मी टाकली. साहेबांच्या धाकाने टाकली असं मी सांगत नाही. ते सारखं थांबणं मलाही कटकटीचं वाटायला लागलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा तक्ता राहिला. प्रोग्राम थांबला नाही, पडद्यावर सगळं आलबेल, आणि भट्टीतून निघालेले गिअर थेट भंगारात. मी ओळ खोडली आणि साहेबांना सांगितलं, “परत टाकणार नाही. मलाही काढा.” त्यांनी काढलं नाही. त्या दिवशी तो शेजारी हवा होता, असं फार वाटलं. कळवणला दोन पानी पत्र लिहिलं: काय झालं, किती माल गेला, तू बरोबर होतास.

उलट टपाली कार्ड आलं. कोण बरोबर, कोण चूक, यावर अक्षर नाही. “भट्टीपाशी पाळीला कोण होतं? कुणाला भाजलं तर नाय ना? लगेच कळव.”

कुणालाही भाजलं नव्हतं. पण ते मला, कार्ड वाचल्यावर, भट्टीखात्यात जाऊन विचारावं लागलं.