पेशींचं उष्टं

मामानं बादलीवर बाटली उलटी केली आणि मागून मॅडम किंचाळल्या, “मामा, थांबा! ते उष्टं ओतू नका!”

मामाचा हात हवेतच राहिला. थोडं सांडलं, बाकीचं वाचलं.

त्याला सगळी लॅब बाटलीमामा म्हणायची. दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस, पण आयुष्य बाटल्या धुण्यात गेलं, म्हणून नाव चिकटलं. नव्या पोरी नाव ऐकून चार हात लांब राहायच्या, आणि आठवडाभरानं त्याच्याच डब्यात हात घालायच्या.

तिथं काम पेशी वाढवायचं. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीच्या बुडाला पेशी चिकटून बसतात, त्यांना गुलाबी पाण्यातून खायला घालायचं. खाऊन झालं की पाणी पिवळट पडतं. त्याला मामा उष्टं म्हणायचा. बघता बघता सगळ्यांच्याच तोंडी तो शब्द बसला. आणि उष्टं म्हटलं की ओतायचं, एवढं मामाला माहीत.

“पण या मूळ पेशी आहेत,” मॅडमनी बाटली काढून घेतली. “यांच्यापासून शरीरातल्या बाकीच्या पेशी बनतात. या नुसत्या खात नाहीत, पाण्यात काहीबाही सोडतात पण. ते गाळून मी कॅन्सरच्या पेशींना पाजते.”

“मग काय होतं?”

“कधी त्या मरगळतात, कधी चांगल्या माजतात.”

“म्हणजे औषध का खत?”

“तेच तर शोधतेय. मूळ पेशी कुठल्या, कॅन्सर कुठला, त्यावर आहे.”

“आमच्या साहेबासारखं. सकाळी एक, दुपारी एक.”

मॅडम हसल्या. मामाही हसला. संध्याकाळी मात्र त्याचं हसू पार आटलं.

अक्का मामाची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं, म्हणजे कानफटवून कानफटवून वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती. तेव्हा मामा हॉस्पिटलच्या बाकावर झोपायचा. डॉक्टर म्हणाले, घरी जा. हा म्हणाला, तुम्ही जा.

त्या संध्याकाळी मामा घरी आला तेव्हा अक्का खुर्चीवर बसून पडद्याला दुमड घालत होती. गुडघा चोळत म्हणाली, “मेला गुडघा परत धरला. एवढं भारीतलं इंजेक्शन घेतलं तरी.”

“कसलं इंजेक्शन?”

“कोपऱ्यावरचं नवीन क्लिनिक नाही का, तिथलं. थंडीत घेतलं. मूळ पेशींच्या पाण्याचं. म्हटलं, माझ्या भावाच्या लायनीतलं आहे, वाईट कशाला असेल!”

मामाच्या पायाखालची जमीनच सरकली. “अक्के, गाठीचं सांगितलंस त्यांना?”

“त्यांनी विचारलंच नाही.”

“आणि मला का नाही बोललीस?”

“तू बोंबलला असतास. आता बोंबलतोयस तसाच.”

“लहानपणी मी तोंड लावलेला पेला तू परत धुवून घ्यायचीस! आणि आता पेशींचं उष्टं गुडघ्यात भरून घेतलंस?”

“उष्टं?” अक्काची सुई थांबली. “मला उष्टं टोचलं?”

मग मामानं मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. कॅन्सरच्या पेशी माजतात, हेही. अक्कानं पडदा घडी करून बाजूला ठेवला, तोही उलटा.

दुसऱ्या दिवशी मामा मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि अक्काच्या इंजेक्शनचं सांगितलं. मॅडमनी सरळ सांगितलं, “मामा, बाटलीत होतं ते माणसात होतंच असं नाही. ‘काही होणार नाही’ असं मी लिहून देऊ शकत नाही, आणि ‘होणार’ असंही नाही. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आजच.”

मामानं अक्काला रिक्षात घातलं. डॉक्टर आधी अक्कावर तापले, मग मामावर, उगाच. मग तपासण्या लिहिल्या. रिपोर्ट येईपर्यंत मामानं लॅबमध्ये काचेच्या दोन बाटल्या फोडल्या. इतक्या वर्षांत एक फोडली नव्हती.  नेहमी खेकसणारा साहेबसुद्धा केरसुणी घेऊन आला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर कागद वाचत बसले. मामा त्यांच्या भुवया बघत बसला.

“स्वच्छ आहे,” डॉक्टर म्हणाले. “गाठ नाही, काही नाही. सहा महिन्यांनी परत या. आणि बाई, गुडघ्यासाठी व्यायाम करा, फुकट असतो.”

मामाला उठताच येईना. अक्कानं त्याच्या काखेत हात घालून उभा केला. “गुडघा माझा गेलाय का तुझा?”

बाहेर आल्यावर तो पायऱ्यांवर बसून इतका हसला की वॉचमन पाणी घेऊन आला. अक्कानं पेला घेतला, अर्धा प्यायली आणि मामापुढे धरला. “पी. उष्टं आहे.” त्यानं गटागटा संपवलं. मग दोघं चालतच घरी निघाले. अक्का दर खांबाला थांबून गुडघ्याला शिव्या घालत होती, आणि मामाला त्या शिव्यासुद्धा गोड लागत होत्या.

पुढे त्या क्लिनिकवर धाड पडली आणि तिथल्या बाटल्या तपासायला गेल्या. त्यात पेशींचं काहीसुद्धा नव्हतं. अक्काच्या गुडघ्यात गेलं ते नुसतं मिठाचं पाणी.