कापसावरची गोधडी

आमच्या सुधाकररावाले थंडी वाजत नाही. कापसाले वाजते. यावरून आमच्या घरी दरसाल भांडण होते, अन् दरसाल मीच हरते.

वेचणी झाली का माल गाडीत भरून भीमपुराहून आदिलाबादच्या मार्केटात न्यायचा. रांग लागते, नंबर सकाळी येते, म्हून रात्र उघड्यावर काढा लागते. बाजूले कापूस, तं शेकोटी बंद, बिडीसुद्धा बंद. उरली गोधडी. मी जुनी लुगडी जोडून चांगली जाड गोधडी देते, तं हे ती टाकते कुठं? ताडपत्री फाटली तिथं, कापसावर! "अवं, दव लागला तं माल ओला भरते अन् भाव कापते." अन् सोता कुडकुडत बसते. मागच्या हिवाळ्यात न्युमोनिया झाला. डॉक्टरनं बजावलं, पुन्हा गारठ्यात झोपले तं जीवावर बेतीन. पण आयकते कोण!

यंदा मी अक्कल चालवली. घरच्याच कापसाची गोधडी शिवली, पोत्यासारखी. आत शिरा अन् गळ्याजवळ नाडी बांधा. तरी भरवसा नाही, म्हून सोबत मीच गेली. त्यायले आत घातलं, माह्या हातानं नाडी आवळली, तवा कुठं जिवाले बरं वाटलं अन् माहा डोळा लागला.

फटफटलं तवा पाह्यते तं काय! शिवण उसवून गोधडी सपाट केलेली, अन् थेट कापसावर! हा माणूस पातळ शर्टावर खोकत बसलेला.

"आवो, काऊन असं?"

"मोठी शिवली तू. ताडपत्रीचे दोन्ही फाटके कोपरे झाकले."

कपाळ माहं! म्हंजे मी कापसालेच नवी गोधडी शिवून देली.

तपासणारा आला. ओल मोजाचं मशीन कापसात खुपसून म्हणे, "बागुंदी, चांगला हाय! माल एकदम सूखा." रांगेतले लोक वाहवा करून राह्यले, अन् हे खोकत खोकत हासून राह्यले. माह्या डोक्यात तिडीकच गेली.

"भाऊ," मी म्हटलं, "ते मशीन आता यायच्या छातीले लावा. तिथं किती ओल भरली तेबी पाहा."

कोणी हासलं नाही. हेबी नाही.

मी गोधडी ओढून त्यायच्या अंगावर टाकली. गाडीवाल्याले म्हटलं, माल तू खाली कर, आमी दवाखान्यात चाललो. मले वाटलं आता वाद घालतीन. पण ऑटोत बसल्यावर त्या उसवलेल्या गोधडीची नाडी त्यायनं आपल्या हातानं गळ्याजवळ बांधली.