फळांच्या गाड्यावरचा भाऊ

भावाचा घोटा सोमवारी सरावात मोडला आणि मंगळवारी बीडला त्याचं ऑपरेशन झालं. तो कॉलेजच्या कबड्डी संघात चढाई करायचा. अंतिम सामना चार महिन्यांवर होता.

दोन महिने पाय टेकायला बंदी होती, पण मैदानावर गेल्याशिवाय त्याला चैन पडेना. अब्बांचा गेवराईत फळांचा गाडा होता. रोज संध्याकाळी ते मोसंब्या एका बाजूला सारून त्याला गाड्यावर बसवायचे आणि मैदानापर्यंत ढकलत न्यायचे. मी कुबड्या घेऊन मागे चालायचो. बसल्या बसल्या भाऊ ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत दम वाढवायचा.

एखादं गिऱ्हाईक विचारायचं, “चाचा, हा केवढ्याला?”

“न्हाई, लई कच्चा हाय अजून,” अब्बा म्हणायचे. “पिकला की सांगतो.”

सामन्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला ऑपरेशन झालेल्या एकाच पायावर मिनिटभर उभं राहायला सांगितलं. जमलं तरच खेळायचं. त्याने दुसरा पाय उचलला. त्याला धीर यावा म्हणून शेजारी अब्बांनीही एक पाय उचलला. मी घड्याळ बघत होतो. चाळिसाव्या सेकंदाला अब्बा डगमगले आणि डॉक्टरांच्या टेबलावर आदळले. भाऊ हलला नाही.

“चाचा, तुम्ही बाद,” मिनिट संपल्यावर डॉक्टर हसत म्हणाले. “याला खेळू द्या.”

तो खेळला. अब्बांना जाऊन आता वर्ष होत आलं. भाऊ अजून खेळतो, आणि त्याच्या प्रत्येक सामन्याला मी जातो.