चौथा कप्पा

वहिनीला पाचवा महिना होता. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत मी तिच्या उशाशी उभी होते. डॉक्टरीणबाई बोलक्या. हे नाक, ही बोटं, बघा कसं अंगठा चोखतंय, असं दाखवत होत्या. मग छातीपाशी आल्या आणि एकदम गप्प झाल्या.

पडद्यावरच्या राखाडी धुक्यात द्राक्षाएवढं काहीतरी उघडमीट करत होतं. त्यांनी आवाज सुरू केला. लांब नदीवर कुणीतरी भराभर कपडे धोपटत असावं, तसा. इतका नेमाचा, की यात काही चुकलं असेल हे कानाला पटेना.

"हृदयाला चार कप्पे लागतात," त्या हळू म्हणाल्या. "मला तीनच दिसताहेत. उद्या हृदयाच्या तज्ज्ञांना दाखवू."

वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. यंत्र जरा वर सरकलं, तर बाळ अजून अंगठा चोखतच होतं. त्याचं त्यालाच ठाऊक नसलेलं काहीतरी आम्ही तिघी दाराच्या फटीतून बघून बसलो होतो.

वहिनी आवरेपर्यंत मी बाहेर आले. 'इथे गर्भलिंग तपासणी होत नाही' या पाटीखाली आई बसली होती. आतलं बोलणं मध्येच थांबलेलं तिने ऐकलं होतं.

"बाई गप्प झाल्या, म्हणजे मुलगी आहे," ती कुजबुजली. "असू दे गं. धडधाकट आहे ना, बास."

मी तिच्या शेजारी बसले. कानात ते धोपटणं नेमाने चालूच होतं.