साहेबांसाठी दोन मिनिटं

आता काय सांगू तुम्हाला, माझ्याच तोंडानं माझी फजिती! चहा आधी संपवा. मधेच हसलात तर ठसका लागंल.

उदगीरात माइक म्हणलं की मीच. पण खरं सांगू? लग्नात, बारशात मला कुणी विचारत न्हाई. आपली हुकमत शोकसभेत! आख्खं गाव रडवून सोडतो.

तर साहेब येणार होते. साहेब म्हणजे देशाचे नेते! आमचे तालुकाध्यक्ष आप्पा म्हणाले, "सभा तू सांभाळ. सात नंबर वॉर्डाचं तिकीट तुझंच." मी त्याच दिवशी 'भावी नगरसेवक' असा फ्लेक्स छापायला टाकला.

सभेला मोंढ्यात, बाजाराच्या मैदानात, गर्दी ही! अन् साहेबांचा ताफा नांदेडच्या पुढं सरकंना. लोक उठून निघाले. आप्पा खालून ओरडले, "अरे बोलत ऱ्हा! साहेबांचं चरित्र सांग!"

घेतलं की मग! साहेबांनी आधी सभेच्या सतरंज्या उचलल्या. पहिल्या निवडणुकीत डिपॉझिट गुल. दुसऱ्यातबी. कॉम्प्युटर आला, साहेबांचा विरोध. मोबाइल आला, विरोध. जीन्स आली, थेट मोर्चा! जुनं ते सोनं म्हणत म्हणत माणूस पोचला कुठं? दिल्लीच्या खुर्चीत! आता मोबाइल हातातून सुटत न्हाई, ते सोडा.

लोक ऐकायला लागले, तसा मला चेव आला. आवाज आपोआप जड झाला. "असा माणूस पुन्हा होणे नाही..." अन् पुढचं? जिभेला सवयच हो! "...सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं स्तब्ध राहावं!"

सगळे उभे! आमच्याकडं हे वाक्य आलं की कोण गेलं हे कुणी विचारत न्हाई. टोपी काढायची, मान खाली घालायची.

अन् नेमके तवाच साहेब मंचावर आले. ना घोषणा, ना हार, नुसत्या खाली घातलेल्या माना! त्यांनीही हात जोडले. मग मागोमाग वर आलेल्या आप्पांना हळूच विचारलं, "किसका देहांत हुआ?"

आप्पा काय सांगतील, तुमचाच म्हणून? माझ्याकडं बघून दात-ओठ खात म्हणाले, "हमारे सात नंबर वॉर्ड के उम्मीदवार का, साहब!"

"अरेरे! उमर क्या थी?"

झालं! साहेबांनी भाषणाची सुरुवातच मला श्रद्धांजली वाहून केली. माझ्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखाबद्दल बोलले, तशी पुढच्या रांगेत माझी बायको पदरात तोंड खुपसून हसायला लागली. साहेबांना वाटलं, रडतेय. त्यांनी लांबूनच तिला हात जोडले!

तिकीट तर गेलंच. पण शेवटी आभार मानायचे होते ना? अन् माइक कुणाच्या हातात?

मयताच्या वतीनं आभार मयतानंच मानले!